नांग पेलायला कुठल्या दिवशी कळलं

आमच्या बाकावान गावात माणूस गेला की आधी दोन घरी निरोप जायचा. एक सुताराकडे, पेटीसाठी. दुसरा नांग पेलायकडे. सुतार कधीमधी माडी पिऊन पडलेला असायचा, पण नांग पेलाय घरी नाही असं कधी झालं नाही. काळा झगा खुंटीला, जपमाळ झग्याच्या खिशात, पायात चपला सरकवायला लागेल तेवढाच उशीर.

पुरतं नाव पेलाहिया; नांग आम्ही मोठ्या बाईला मानानं म्हणतो. शाळेत ती माझ्याइतकीच गेली. म्हणजे एका वर्षी ओढ्याला पूर आला तेव्हा शाळा जी सुटली ती सुटलीच. पण मयताच्या नऊ दिवसांची प्रार्थना तिला आईकडून आली होती, सगळी तोंडपाठ. त्यात लॅटिनचे तुकडे, जुन्या स्पॅनिशचे तुकडे, बाकी आपली बोली. सगळ्याचा अर्थ तिलाही ठाऊक नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ज्याच्यासाठी म्हणतो त्याला कळतं ना, मग झालं." ती सांगायची, आम्ही बायका उत्तरं द्यायचो. मी कायम तिच्या शेजारी.

मेलेलं माणूस नऊ दिवस घर सोडत नाही, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. आमची घरं खांबांवर, वर चढायला जिना; त्या जिन्याच्या तोंडाशी ते उभं असतं. रोजच्या प्रार्थनेनं एकेक पायरी उतरतं, नवव्या दिवशी जेवणावळ होते आणि ते वाटेला लागतं. मधेच प्रार्थना तुटली किंवा सांगणारी बदलली, तर ते जिन्यावरच अडकतं, धड घरात ना धड देवाकडे. चिंचेजवळच्या मोडक्या घरात असा एक म्हातारा अजून आहे म्हणतात. त्याच्या वेळी सांगणाऱ्या बाईला मधेच पटकी झाली होती. तेव्हापासून आमच्याकडे सांगणारी तापानं फणफणली तरी तिला खुर्चीत घालून नेतात. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण टीव्हीवाल्यांना नेमकं हेच कुणी सांगितलं नव्हतं.

नांग पेलायला एकच मुलगा, सांतो. नवरा समुद्रात गेलेला. शेजारी रोसेंदा राहायची, तिचा एल्मर. एल्मरला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं ते पेलायनं, आणि सांतोला घेतलं ते रोसेंदानं, म्हणून दोघी एकमेकींना कुमारे म्हणत. पोरंही तशीच, एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात. मग एका रविवारी कोंबड्यांच्या झुंजीवरून दोघांचं वाजलं. दोघं तेबानच्या झोपडीत माडी पिऊन निघाले होते. सकाळी एल्मर खाजणात पालथा सापडला, डोकं फुटलेलं. सांतो म्हणाला, मी आधीच निघून आलो होतो. त्याच्यावर अविश्वास कोण ठेवणार? पेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तो पुढे होता.

तेबान हा माडी काढणारा. सरसर माडावर चढायचा, माकडानं शिकवणी लावावी असा. माडी त्याची, कोयता त्याचा, आणि एल्मरचं त्याच्याशी उधारीवरून एकदा भांडण झालेलं. प्रार्थनेच्या पाचव्या दिवशी सकाळी बंदरगावचे पोलीस जीप घेऊन आले आणि तेबानला घेऊन गेले. गावाला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं.

नऊ दिवस पार पडले. जेवणावळ झाली. दुसऱ्या दिवशी उजाडताच नांग पेलायनं सांतोचा हात धरला, लहान पोराचा धरावा तसा, आणि बंदरगावापर्यंत चालत नेऊन त्याला पोलिसांच्या पुढ्यात उभं केलं. म्हणाली, हा माझा मुलगा, एल्मरला यानं मारलं. सांतोनं मान हलवली. मनिलाकडच्या मोठ्या तुरुंगात तो गेला तो गेलाच. तेबानला सोडलं. झोळीत घालून दोन माणसांनी आणला. गुडघे मोडले होते. त्यानंतर तो माडावर चढला नाही, घराखाली बसून लोकांची जाळी विणत राहिला.

यात रोसेंदाचं वागणं कुणाला कळलं नाही. पेलाय बंदरगावाहून परत आली तेव्हा सगळं गाव दारं लावून बसलं होतं. रोसेंदा गेली, तिच्या चुलीवर भात ठेवला आणि म्हणाली, "तू तुझा दिलास, कुमारे. माझा तर असाही गेला होता." पुढे रोसेंदाचा नवरा वारला, तेव्हा त्याचे नऊ दिवस पेलायनंच केले. त्यानंतर गावात दुसरं कुणी काही बोलायची सोयच राहिली नाही. रोसेंदाला चालतं, मग आपण कोण?

बरीच वर्षं अशी गेली. मग मनिलाहून ती पोरगी आली. गळ्यात एवढंसं ध्वनिमुद्रण यंत्र, पायात पांढरे बूट, आणि खाजणातून चालायचं. टीव्हीवर खऱ्या गुन्ह्यांचे सिनेमे दाखवतात, त्यातला एक आमच्यावर निघणार होता. गाव नुसतं उड्या मारत होतं. पोरगी गोड होती, नारळाच्या पानात वळलेल्या चिकट भाताचे चार इबोस खाल्ले तिनं माझ्या हातचे. रोसेंदाशी बोलली, रोसेंदा रडली. आमच्या कापितानशी, म्हणजे गावच्या पुढाऱ्याशी बोलली. तो तर सगळ्यांत जास्त बोलला, आणि एल्मर मेला तेव्हा तो बोटीवर खलाशी होता, थेट नॉर्वेपाशी. नांग पेलायनं तिला दोनच वाक्यं दिली. माझ्या मुलानं मारलं. मी त्याला नेऊन दिला. पोरीनं विचारलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? पेलाय म्हणाली, वाटलं ते देवाला सांगून झालंय. एवढ्यानं सिनेमा भरेना, हे उघड आहे.

ज्या शनिवारी तो लागणार होता त्या संध्याकाळी कापिताननं बास्केटबॉलच्या मैदानात टीव्ही लावला. जत्रा लोटली. तळलेली केळी, शेंगदाणे, पोरांच्या पिपाण्या. ज्याने त्याने बसायला आपापलं आणलं. रोसेंदा आणि पेलाय एकच बाक दोन टोकांनी धरून घेऊन आल्या आणि अगदी पुढे बसल्या. मी पेलायच्या पलीकडे. तेबानलाही त्याच्या बायकोनं, लोलिंगनं, हातगाडीवर बसवून आणलं होतं.

आधी मोठ्या अक्षरांत आलं, खऱ्या घटनेवर आधारित. म्हणजे काय ते आम्हाला नंतर कळलं. माणसं खरी, मयत खरं, बाकी आतलं सगळं सामान भाड्याचं. सुरुवातीला हसूनहसून पोट दुखलं. समुद्र भलत्या बाजूला होता. सगळे मनिलाची भाषा बोलत होते, भांडतानासुद्धा आम्ही त्याहून गोड बोलतो. पेलायचं काम करणारी नटी गोरीपान, भुवया कोरलेल्या. पेलाय मला म्हणाली, "माझे केस एवढे दाट कधी होते गं?" मागून तेबान ओरडला, "आणि मी कुठाय? निदान माझे गुडघे तरी दाखवा की." तेबान त्या सिनेमात नव्हताच. गाळून टाकला होता. गोष्टीत मावला नसेल.

मग ते आलं. एल्मर मेला ती पहिलीच रात्र. सांतो घरी येतो, शर्ट रक्तानं भरलेला. नटी एक शब्द बोलत नाही. शर्ट काढून घेते, परातीत धुते, पाणी लाल होतं. व्हायोलिन वाजतंय. तेवढ्यात कुणीतरी बोलवायला येतं, एल्मर गेला, चला. ती ओले हात झग्याला पुसते, त्याच हातांनी जपमाळ उचलते, एल्मरच्या घरी जाते आणि त्याच्या आईच्या केसांवरून हात फिरवते. हात फिरवताना कॅमेरा तिच्या नखांवर. नखांत लाल राहिलेलं.

रोसेंदाचा हात तोवर पेलायच्या मांडीवर होता. तिनं तो उचलला आणि पंखा घेतला. नुसता धरून ठेवला, वारा घेतला नाही. सिनेमा संपायच्या आत ती उठून गेली. बाक परत न्यायला दुसऱ्या टोकाला मी होते.

त्यानंतर गावाला आठवायला लागलं. हे मला सगळ्यांत भयंकर वाटलं. जी माणसं तेव्हा इथंच होती, सगळं डोळ्यांनी बघत होती, त्यांना आता टीव्हीतलं आठवायला लागलं. विहिरीवर एकजण म्हणाली, तिच्या दोरीवर त्या सकाळी ओला शर्ट होता बरं का. दुसरी म्हणाली, निळा होता. अगं, त्या सकाळी मी त्याच विहिरीवर होते. दोरीवर काही नव्हतं, नावालाही नाही. पण चार दिवस तेच ऐकल्यावर डोळे मिटले की मलाही निळा शर्ट दिसायला लागला. तेव्हा इतरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

त्याच महिन्यात दादो म्हातारा गेला. सुताराकडे निरोप गेला. नांग पेलाय काळा झगा घालून दारात बसली होती. दादोची मुलं तिच्या दारावरूनच गेली, ओढ्यापलीकडच्या गावातून मेरिदेल नावाच्या मुलीला आणायला. मेरिदेल चर्चमध्ये पोरांना शिकवते, चष्मा आहे, पुस्तकातून वाचते. रेडिओवर मासळीचे भाव सांगतात तशी वाचते. नऊ दिवस सगळे मालिका लागायच्या आत घरी. मी तिकडे निघाले तेव्हा पेलाय अजून तशीच बसलेली. विचारलं तिनं, निघालीस का. मी म्हटलं, हो. म्हणाली, "उत्तरं मोठ्यानं दे. दादोला ऐकायला कमी यायचं."

मला राहवेना. सकाळीच मी तिच्याकडे गेले, ती नारळ खवत होती. मी म्हटलं, तोंडात काय बोळा कोंबलाय का? एवढंच सांग लोकांना, की पहिल्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. लोक ऐकायला बसलेत. कापितान रविवारी चर्चसमोर सांगायला तयार आहे, मनिलाला कळवायलाही तयार आहे. त्याला तर असं काहीतरी हवंच असतं. एका वाक्याचा प्रश्न आहे.

तिनं खवणी बाजूला ठेवली.

"पहिल्या दिवशी नव्हतं ठाऊक," ती म्हणाली. "पण नवव्या दिवशी कळलं, असंही नाही."

मग तिनं सांगितलं. तेबानला जीपमध्ये घातलं त्या दुपारी ती घरामागे डुकराला घालत होती. सांतो येऊन उभा राहिला. म्हणाला, आई, तेबाननं काही केलं नाही. तिनं विचारलं, तुला कुणी सांगितलं? तो डुकराकडे बघत राहिला. तेवढंच. तिला कळलं. हातातली बादली तिनं रिकामी केली, धुऊन पालथी घातली, आणि संध्याकाळी काळा झगा घालून एल्मरच्या घरी प्रार्थनेला आली. सहाव्या दिवशी आली. सातव्या, आठव्या, नवव्या. मी तिच्या शेजारीच होते. तिचा आवाज तसूभर हलला नव्हता.

मी विचारलं, का?

"एल्मर निम्म्या जिन्यावर होता," ती म्हणाली. "माझ्या पोरानं त्याला मारलं, आणि मी त्याला तिथं अडकवून ठेवू? दुसरं कोण होतं सांगायला? सांतोला म्हटलं, पळालास तर तुझे नऊ दिवस मी करणार नाही. तो घरातच बसून राहिला. आणि तेबानचं म्हणशील, तर मला वाटलं, चार दिवस पोलीस त्याला भात तरी घालतील."

आम्हाला खरंच तसं वाटायचं. पोलिसात कुणी गेलेलं असतं तर ना.

मी तिला टोचून म्हटलं, मग इतकी वर्षं बसलीसच की लोकांच्या घरी प्रार्थना सांगत. ती म्हणाली, कुणी विचारलं नव्हतं. आता विचारतायत. "मला नव्हतं ठाऊक" म्हटलं की सगळे समजणार नवव्या दिवसापर्यंत नव्हतं. मी म्हटलं, समजू देत. तिनं खवणी पुन्हा पुढे ओढली. तिच्याशी वाद घालायचा म्हणजे भरतीला काठीनं ढकलायचं.

आठवड्याभरानं रोसेंदा आली. मी तिथंच होते, कुणी जा म्हटलं नाही म्हणून बसून राहिले. रोसेंदाच्या हातात केळीच्या पानात बांधलेला मासा होता, म्हणजे ती अर्धी मिटवायला आली होती. उंबऱ्यावरच बसली.

"कुमारे, मी एकदाच विचारते," ती म्हणाली. "तो शर्ट होता का?"

"नाही."

रोसेंदानं श्वास सोडला. इतका मोठा, की इतके दिवस तिनं तो कुठं ठेवला होता कोण जाणे. मासा पुढे केला, उठायला लागली. इथं सगळं संपलं असतं. मी मनातल्या मनात पेलायला म्हणत होते, गप्प बस, बाई, या एका खेपेला गप्प बस.

"बैस," पेलाय म्हणाली. "अजून आहे."

आणि डुकरापासून सगळं सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. रोसेंदा ऐकत होती आणि मासा तिच्या मांडीवर पाझरत होता, झग्यावर डाग पडला तरी तिला भान नाही. मग तिनं विचारलं, ते भलतंच. त्या दिवसांत प्रार्थनेत काही गाळलं होतंस का? पेलाय म्हणाली, एक शब्द नाही. रोसेंदानं मान हलवली. म्हणजे एल्मर नीट गेला. पेलाय म्हणाली, नीट गेला.

"मग माझं काही राहिलं नाही," रोसेंदा म्हणाली. "तू मधेच थांबली असतीस तर मी तुला जन्मात तोंड दाखवू दिलं नसतं. पण म्हणून मी माफ केलं आणि झालं, असं नाही ना होत. गुडघे काय माझे मोडले? तेबानकडे जा. तो काय म्हणतो ते ऐक, मग माझं बघू."

मासा देऊन गेली. पण तिच्या हातात नाही दिला, माझ्या हातात दिला.

तेबानकडे पेलाय त्याच दिवशी निघाली. काळा झगा घातला नाही, घरातलाच झगा. मी सोबत गेले. तेबान घराखाली सावलीत पाय पसरून जाळं विणत होता, पलीकडे लोलिंग केळी तळत होती. तेबान त्या दिवसांत रंगात होता. सिनेमात नसल्याचंच त्याला एवढं कौतुक, की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, माझं काम फार महाग पडलं असतं त्यांना. पेलायला बघून म्हणाला, "या, या, नटीबाई. आज भुवया कोरल्या नाहीत?"

ती बसली नाही. उभ्यानंच सांगितलं. पहिल्यांदा तेबानला कळलं नाही, तो हसतच होता. मग विणायची सुई थांबली.

"पाचव्या दिवशी?" त्यानं विचारलं.

"सकाळी तुला नेलं, दुपारी मला कळलं."

तेबाननं गुडघ्यांकडे पाहिलं. त्यांच्यावरून हात फिरवला, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखा.

"पाचव्या दिवशी हे धड होते, नांग पेलाय," तो म्हणाला. "सहाव्यालाही होते. सहाव्याला त्यांनी नुसतं उपाशी ठेवलं. मी मनात म्हणत होतो, आता कुणीतरी येईल. गावातलं कुणीतरी येऊन सांगेल, हा असलं करणारा माणूस नाही. रोज सकाळी वाटायचं." त्यानं सुई जाळ्यात खोचली. "सातव्याला मोडले. म्हणजे तू तिकडे एल्मरला जिना उतरवत होतीस आणि मला माडावरून उतरवलंस. एका दमात दोन कामं."

आवाज चढला नाही. आमच्याकडे चढत नाही, म्हणून तर ऐकवत नाही. पेलायनं माफी मागितली नाही. मी वाट बघत होते, आता मागेल. ती म्हणाली, "मला वाटलं भात घालत असतील." तेबान म्हणाला, "नाही घातला."

मग त्यानं जाळं पुन्हा ओढून घेतलं. "मी मेलो की माझ्या घरात पाऊल टाकायचं नाहीस. त्या चष्मेवालीला बोलवा. भराभर वाचते, मलाही घाई असेल."

"बरं," पेलाय म्हणाली.

परतताना ती एकच बोलली, की लोलिंगची केळी करपली. खरंच करपली होती, वास येत होता.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. लोलिंगनं कुणालाही सांगायचं ठेवलं नाही, आणि का ठेवावं? कापितानचा हिरमोड झाला, मनिलाला कळवायचं राहून गेलं. विहिरीवर दोन तट पडले. एक म्हणायच्या, प्रार्थना तोडली नाही ते बरोबर केलं, आपल्यावर वेळ आली असती तर आपणही तेच केलं असतं. दुसऱ्या म्हणायच्या, एक जिवंत माणूस तुडवलं जात होतं आणि ही मेलेल्याला पायऱ्या उतरवत होती. मी दोन्हींकडे हो म्हणायची. खोटं म्हणत नव्हते. शर्टाचं मात्र नाव कुणी काढेना. निळा शर्ट दोरीवरून आपोआप उतरला.

गंमत बघा, पुढे लोक तिला बोलवायला आले. आमच्या लोकांना मेरिदेलची घाई सोसवेना. एका पोरसवदा आईचं तान्हं गेलं, ती रडत आली, नांग पेलाय, तुम्हीच या. पेलायनं तिला पोटाशी धरलं, पण गेली नाही सांगायला. म्हणाली, तेबान हो म्हणेपर्यंत नाही. मी तेबानकडे दोनदा गेले, एकदा चांगलं बोलून आणि एकदा भांडून. दोन्ही वेळा त्यानं मला नारळपाणी दिलं आणि हवापाण्याचं बोलला. तान्ह्याच्या घरी पेलाय आली, पण मागे, दाराशी बसली. आमच्यासारखीच उत्तरं दिली. रोसेंदा एका सकाळी झोपेतच गेली, तिच्याही घरी पेलाय दाराशीच. रोसेंदाच्या बहिणींनी पुढची खुर्ची रिकामी ठेवली होती. ती तशीच रिकामी राहिली, मेरिदेल बाजूला स्टुलावर बसून वाचत होती. ज्या बाईनं उभ्या गावाला वाटेला लावलं, तिला आपल्या कुमारेला लावता आलं नाही. त्या दिवशी ती घरी जाताना दोनदा चुकीच्या गल्लीत वळली, मी हात धरून आणली.

गेल्या उन्हाळ्यात तेबान गेला. छातीत कफ झाला होता. शेवटपर्यंत हो म्हणाला नाही.

मेरिदेलला निरोप गेला. पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळ्या वर चढलो. पेलाय काळ्या झग्यात आली, जिन्यापाशी थांबली, आणि पहिल्या पायरीलाही पाय न लावता वळसा घालून घराखाली गेली. तेबान जिथं जाळी विणायचा तिथंच जमिनीवर बसली. मी वरून म्हटलं, अगं, ओल आहे तिथं. ती म्हणाली, घरात नाही आले मी. वर प्रार्थना सुरू झाली, आणि खालून तिची उत्तरं यायला लागली, पण उशिरानं. मेरिदेलचा आवाज बारीक, त्यात भराभर. तो खाली पोचेपर्यंत आम्ही पुढच्या ओळीवर गेलेलो. आम्ही संपवायचो, आणि मग एकटी पेलाय खालून. बायका एकमेकींकडे बघायच्या. लोलिंग मान खाली घालून बसलेली. तिनं कुणाला खाली पाठवलं नाही, की तिला हाकल म्हणून सांगितलं नाही.

रोज तसंच झालं. पेलायचं वय झालंय. उठताना तिला खांबाला धरावं लागायचं. मी एकदा लोलिंगजवळ विषय काढला. तिनं कॉफीचा पेला माझ्या हातात दिला. त्या घरात उत्तर द्यायची हीच रीत दिसते.

कितव्यातरी दिवशी, मेरिदेलनं नुकतंच पुस्तक उघडलं होतं, लोलिंग उठली. खिडकीकडे गेली, खाली पेलाय बसायची त्या बाजूच्या. तिथं पाण्याची घागर असते. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता ही खाली ओतते. लोलिंगनं घागरीला हात लावला नाही. झापाची ती झडप वर उचलली, टेकू लावला, टेकू नीट बसला की नाही ते हलवून पाहिलं, आणि जागेवर येऊन बसली.

मेरिदेल वाचायला लागली. खालून उत्तर आलं, आमच्याबरोबरच.

घरात उकडतही फार होतं, म्हणून उघडली असेल. लोलिंगला मी अजून विचारलेलं नाही.